कोळपखेडला ‘येतो’ म्हणालो

१९ ऑगस्ट

पोचलो एकदाचा! ‘धाराशिव’ म्हणायची जिभेला अजून सवय नाही. कंडक्टरला मी उस्मानाबादच म्हणालो आणि त्यानंही मुकाट्यानं तिकीट दिलं. खोली झकास मिळाली आहे. पूर्वेला खिडकी, स्टँड चालत जाण्याजोगा आणि खाली मालकीण कमलबाई, ज्या दोन्ही वेळचं जेवण देतात. आज ज्वारीची भाकरी, डाळकांदा आणि शेंगदाण्याची चटणी होती. लाजत होतो, तर म्हणाल्या, “खावा की, आजून हायती.” लाज सोडली.

पवनचक्क्या बसवणाऱ्या कंपनीत सर्व्हे करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माळ मोजायचा, पंख्यांच्या जागा ठरवायच्या, रस्ता कुठून न्यायचा ते सांगायचं आणि पंखे फिरायच्या आत पुढचा जिल्हा गाठायचा. मंजुषा आणि निकिता इतकी वर्षं नांदेडला आणि माझा संसार बॅगेत. आमची पोर फोनवरच मोठी झाली. पण ही शेवटची बदली. यापुढं इथंच ऑफिस आणि इथंच मुक्काम. दसऱ्याच्या आत दोन खोल्यांचं घर बघायचं आणि दोघींना घेऊन यायचं. मंजुषाला तसा शब्द दिलाय. थकलोय खरा, पण आज बरं वाटतंय.

२३ ऑगस्ट

वाट दाखवणारं यंत्र आणि माळावर चालणारी गाडी, दोन्ही तुमची तुम्ही निवडा, असं कंपनीनं कळवलं आहे. आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवरदेवाला मुलगी दाखवावी तसं वाटलं.

मोबाईल या कामाचा नाही. बेंबळीच्या पुढं शिवारात शिरलं की रेंज जाते, आणि उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. मागवलेली तीन यंत्रं गच्चीवर मांडून बसलो. पहिलं देखणं, बोटानं चालणारं, पण ओल्या हाताला दाद देईना. दुसऱ्याची बॅटरी आत कायमची बसवलेली, म्हणजे माळावर संपली की बसा बोंबलत. तिसरं जाडजूड, बटणांचं, साध्या पेन्सिल सेलवर चालणारं. ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. आभाळ मोकळं असलं की झटक्यात उपग्रह धरतं. पाण्याच्या बादलीत बुडवलं तरी चालू. हेच घेतलं. निकिता फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही स्वतःसारखंच निवडलंत. पोरगी नकाशाशास्त्र शिकते, त्यामुळं तिला बापाची चेष्टा करायचा हक्क आहे.

२८ ऑगस्ट

गाडीनं मात्र घाम काढला. ड्रायव्हर म्हणून बेंबळीचा शिवशंकर मिळाला आहे. पस्तिशीचा, कमी बोलणारा, पण बोलला की खरं. आधी एक मोठ्या पडद्याची, गुबगुबीत सीटची गाडी भाड्यानं आणली. सोयाबीनच्या बांधाजवळ काळ्या रानात शिरली आणि बसली म्हशीसारखी. चाकांना माती अशी चिकटली की नक्षीच बुजून गेली. ट्रॅक्टरनं ओढून काढली. शिवशंकर म्हणाला, “साहेब, काळ्या रानात रूप कामाला येत न्हाय.”

शेवटी ढोकीच्या योगीराज मिस्त्रीकडं एक जुनी जीप पाहिली. कारखान्याच्या सीझनला ऊसवाल्यांच्या मागं पळालेली. चारही चाकांना ताकद, पोट उंच, पुढं-मागं ओढायचे हूक, आणि बिघडली तर कुणाही मिस्त्रीला कळेल असं इंजिन. पावसात भिजलेल्या चढावर जड गिअर टाकून चढवली, एकदाही घसरली नाही. सीटवर कंबर मोडते, पण कंबर तशीही मोडलेलीच आहे. पहिली खेप येरमाळ्याची, येडेश्वरीला नारळ फोडून मगच काम, हा शिवशंकरचा हट्ट. आमची ना कशाला?

२ सप्टेंबर

आज खऱ्या कामाला सुरुवात. येरमाळ्याच्या अलीकडं बालाघाटाच्या माळावर कोळपखेड नावाचं बेचिराख गाव आहे. म्हणजे सरकारी नकाशात गाव, शिवार, सगळं आहे, पण राहायला कुणी नाही. गावठाणाची तेवढी पांढरी उरली आहे. पांढऱ्या मातीचं उंच टेकाड, वर जोत्यांचे दगड आणि बाभळी. चारी बाजूंनी आभाळ मोकळं, माझ्या यंत्राला याहून चांगली जागा नाही. रोजचं मोजमाप जिथून सुरू होतं, ती जागा आम्ही सर्व्हेवाले यंत्रात ‘होम’ म्हणून टाकतो. टाकली.

सोबतच्या छोट्या शेगडीवर चहा ठेवला. शिवशंकर प्यायला नाही, जीपमधून उतरलाच नाही. मी एका जोत्यावर बसून निवांत प्यालो. उठलो, पँट झटकली आणि सवयीनं म्हणालो, “बरं, येतो.” कुणाला म्हणालो कोण जाणे. आपल्यात घर सोडताना ‘जातो’ कोण म्हणतं?

शिवशंकरचा चेहरा उतरला. शिवेवर हरिबा नावाचे म्हातारे मेंढपाळ भेटले. त्यांची मेंढरं पांढरीवर चढत नाहीत, कडेनंच चरतात. शिवशंकरनं त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. “चुकलं साहेब. इथनं निघताना ‘जातो’च म्हणायचं आसतं. पटकीच्या साथीत गाव उठलं तवा समदे पांढरीला ‘येतो’ म्हणून गेले. कुणीबी आलं न्हाय. तवापासनं ज्यानं ‘येतो’ म्हणलं, त्याला ती सोडत न्हाय. उद्या सकाळी येऊन ‘जातो’ म्हणा, म्हंजे सुटाल.” मी हसून हो म्हणालो. मनात म्हटलं, माळावरच्या गप्पा.

६ सप्टेंबर

पाठ धरली आहे. यंत्रानं आज गंमत केली. ढोकीकडच्या शिवारात काम होतं, खोलीची जागा टाकली तर बाण कोळपखेडकडं. सेल बदलले. होमची जागा पुसून कमलबाईंच्या गच्चीवरची टाकली. आकडे बरोबर दिसले, दुपारी पुन्हा कोळपखेडचे. विक्रेत्याला फोन केला, त्यानं नवं यंत्र पाठवलं. नव्यात मी अजून एकही जागा टाकलेली नाही. चालू केलं, होम आहेच. कोळपखेड.

घर बघायला जायचं होतं ते राहिलं. मंजुषाला सांगितलं, उद्या बघतो. ती म्हणाली, तुमचा उद्या मला पाठ आहे.

९ सप्टेंबर

आता मात्र भीती वाटते आहे, आणि तसं लिहायला मला लाज नाही. आज यंत्र बंद करून मागं टाकलं होतं. येरमाळ्याहून धाराशिवला डांबरी रस्ता. लहान पोरही चुकणार नाही. शिवशंकर गाडी चालवत होता, मी टक्क जागा होतो, आम्ही ढाब्यांच्या पाट्या वाचत होतो. आणि पांढरीच्या पायथ्याशी येऊन थांबलो. वळलो कुठं, डांबर संपलं कुठं, दोघांनाही सांगता येईना. कुठंही न अडकणारी जीप तिथं कोरड्या जमिनीत रुतली. मी उतरून जोत्यावर थोडा बसलो, तेव्हा कुठं निघाली.

शिवशंकरनं आज काम सोडलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. “माझी लेकरं बारकी हायती साहेब. तुमी बी तेवढा एक शब्द म्हणून या, आन् नांदेडला जावा.” हरिबांनी सांगितलं तसं दुसऱ्याच दिवशी हे केलं असतं तर बरं झालं असतं. उद्या जातो. एक शब्द तर म्हणायचा आहे.

१० सप्टेंबर

गेलो. सकाळचं स्वच्छ ऊन होतं. जोत्यांसमोर हात जोडून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, “जातो.”

बाभळींच्या मागून बाईचा आवाज आला, आपल्या घरात येतो तसा, कामात असताना, जरा रागावून. “अहो, जातो म्हणू नये. येतो म्हणावं.”

आवाज मंजुषाचा. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक निघण्यावर ती हेच म्हणत आली आहे. आणि प्रत्येक वेळी मी जे म्हणतो तेच तोंडातून गेलं. “बरं बाई, येतो.”

कळलं तेव्हा म्हणून झालं होतं. पुन्हा ‘जातो’ म्हणालो. पुन्हा तोच आवाज, आता हसत. पुन्हा माझं तोंड तेच बोललं. किती वेळा झालं माहीत नाही. शेवटी घसा बसला, आणि मी जीपमध्ये बसून रडलो. डांबरी रस्त्यावर येऊन रेंज मिळाल्यावर मंजुषाला फोन लावला, ती नांदेडला भाजी निवडत होती. माझा आवाज ऐकून घाबरली. मला येऊन घेऊन जा, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

१४ सप्टेंबर

तीन दिवस सुट्टी काढून नांदेडची बस धरत होतो. बसमध्ये डोळा लागला की पांढरीवर जाग येते. जीप शेजारी उभी असते. मी ती चालवत आणलेली नसते.

आता जोत्यांवर भिंती आल्या आहेत. अंधुक, पण आहेत. दोन खोल्या. मी मंजुषाला सांगितल्या होत्या तशाच. पूर्वेला खिडकी. चुलीवर आधण, आणि पाठमोरी ती. हातात मंजुषाचीच बांगडी. चेहरा बघायचं धाडस झालं नाही. ती मंजुषा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

चहा मात्र तिच्याच हातचा. आलं थोडं जास्त. प्यालो. इतक्या वर्षांत कामावरून आल्याबरोबर कुणी आयता चहा दिला नव्हता.

१७ सप्टेंबर

आज हरिबा शिवेपर्यंत आले. लांबूनच ओरडले, “साहेब, आतलं काय खाऊपिऊ नगा! उठा, माझ्याकडं चालत या!”

उठलो. चार पावलं टाकली. किती वर्षं झाली नुसता चालतोच आहे. पाय म्हणाले, बस आता. मी बसलो. हरिबा बराच वेळ उभे होते. मग मेंढरं वळवून —

१९ सप्टेंबर

आत ताटं मांडली आहेत. तीन.

एक माझं. एक तिचं. तिसरं कुणाचं, विचारलं. ती पाठमोरीच म्हणाली, पोरीचं. ती आली की संसार पूर्ण होईल.

घरात पोर नाही. आवाजसुद्धा नाही पोरीचा. फक्त ताट. म्हणजे पांढरीला माझी निकिता हवी — खरी —

नाही. ते होऊ देणार नाही.

२० सप्टेंबर

इथं रेंज कधीच नसते. आज निकिताचा फोन आला, स्वच्छ. बाबा, कुठं आहात, आई रडते आहे. मी म्हणालो, घरी आहे. ती म्हणाली, कमलबाई सांगतात खोलीला आठ दिवस कुलूप आहे, कुठल्या घरी? जागा सांगा.

आणि मी यंत्रावरचे आकडे वाचून दाखवले. अक्षांश. रेखांश. शेवटच्या अंकापर्यंत. रोज ऑफिसला सांगतो तसे. तोंड बोलत होतं, मी ऐकत होतो.

फोन ठेवल्यावर कळलं काय केलं ते. आकड्यांवरून ती कुठलीही जागा काढते. पोर हुशार आहे माझी.

परत लावतोय. लागत नाही.

२१ सप्टेंबर, सकाळ

लागला. पहाटेच्या बसनं निघाली आहे. येरमाळ्यापर्यंत बस, पुढं जीप करून येते म्हणाली. तिला सांगायचं होतं, येऊ नकोस, वाटेतून परत फिर. तोंड उघडलं, तेवढ्यात आतून चुलीजवळची ती म्हणाली, कोण आहे हो? मी म्हणालो, राँग नंबर. माझ्याच पोरीला. आणि फोन ठेवला.

असं कसं —

शिवेपर्यंत जातो. वाटेतच अडवतो. शीव समोर दिसते आहे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढी जवळ. पळत जायचं, हात हलवायचे, बस. तिनं इथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. एवढं केलं की झालं. मग माझं काहीही होवो.

दुपार

अजून उठलो नाही. उठतोच आहे. कंबर —

तिसऱ्या ताटात तिनं भाकरी वाढली. वाफ येते आहे.

खाली गाडी. जड गिअरमध्ये चढते आहे. निकिताचा आवाज, बाबा म्हणून —

येऊ नकोस. एवढंच ओरडायचं. ओरडतो. चहा ठेवलाय पुढ्यात. एवढा घोट घेऊन लगेच —