गियर पडताना उचलला जाणारा पाय

दादा,

तुमच्या गॅरेजचं शटर अजून अर्ध्यावरच अडकतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं रोज सकाळी स्वतःच्याच दुकानात वाकून शिरावं, हा अन्याय कुठल्या कोर्टात मांडायचा ते कळत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. ते तेवढं तरी वर राहतं, कारण खाली शेजारच्या पंक्चरवाल्या चाचांचा जॅक लावलाय. "उद्या देतो" म्हणून तुम्हीच आणलेला. तुमचा उद्या तुमच्यापेक्षा जास्त जगला.

शटर कसं बिघडलं, ते आठवतं ना? बाळापूरचा तो कंत्राटं घेणारा गुत्तेदार जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन वारंगा फाट्यावर आला, तो दिवस. तेव्हा क्लचचं पेडल नसलेली गाडी बघायला माणसं हातातला चहा सोडून यायची. मी नांदेडहून कोर्स करून, लॅपटॉप आणि केबल घेऊन नुकतीच परतलेली. तुम्ही मात्र बोर्डावर 'अँड सन्स' रंगवून घेतलेलं. ते सन्स मी, तुमची एकुलती लेक, आजवर शोधते आहे.

गुत्तेदार म्हणतो, "गियर पडलेलं कळतच न्हाई. पाठीला दणका बसला पाहिजे!" मी सांगते, गियर बदलताना ही गाडी क्षणभर इंजिनचा जोर स्वतःच कमी करते, म्हणून आतल्या क्लचप्लेटा टिकतात. ती सोय थोडी कमी करू. पार काढली तर दणका बसेल, पण प्लेटा जळतील.

"साहेब म्हनतेत तसं कर," तुम्ही त्याच्यादेखत म्हणालात. "गिऱ्हाइकाला शाळा शिकवू नको."

"दादा, जीपचा गियर टाकताना तुमी ॲक्सिलरेटरवरून पाय काहून उचलता? ही गाडी तेच करून राहिली."

"माझा पाय म्या माझ्या मनानं उचलतो. तुझ्या लॅपटॉपच्या डब्यानं मला शिकवू नाही."

गुत्तेदार हसला. तो चहाला गेल्यावर तुम्ही शटर असं आपटलंत की ते रुळातून सुटलं. मी गुमान लॅपटॉप जोडून ती सोय शून्यावर आणली. दणका बसला. गुत्तेदार खूश, तुम्ही खूश.

पुढं सिद्धेश्वरच्या रस्त्यावर गियरबॉक्स जळाला. गुत्तेदार माणसं घेऊन आला. "कोणी हात लावला व्हता?"

"म्या," तुम्ही म्हणालात. "पोरगी तवा चहा आणायला गेलती."

चहा आणायला! तुम्ही मला वाचवलंत, असं सगळा फाटा म्हणतो. शिव्या तुम्ही खाल्ल्या, कबूल. पण 'पोरीनं नको म्हनलं व्हतं' एवढं बोलायला तुमची जीभ का जड झाली? माझं ज्ञान तर नाहीच, माझी चूकसुद्धा माझ्या नावावर ठेवली नाही. अजून गिऱ्हाइकं विचारतात, "मिस्त्री कोणी हाय का?" शटर अर्धं असल्यानं निदान वाकून विचारतात.

आता माझ्याकडेही ऑटोमॅटिक आहे. गियर तीच बदलते, जोर तीच कमी करते. तरी गियर पडायच्या वेळेला माझा पाय अलगद उचलला जातो, अगदी तुमच्यासारखा. त्याचाही मला राग येतो.

सकाळी इथवर लिहून थांबले. पाठवणार कुठं? दुपारी वेल्डर बोलावून शटर रुळावर बसवलं. जॅक पुसला, ग्रीस लावलं, चाचांच्या दारात नेऊन ठेवला.

"आता काहून आणला, बेटी?"

"दादा उद्या देतो म्हणले होते," मी म्हणाले.