उपास सोडायला समोर कोणीतरी लागतं

आई,

काल सोमवार होता, आणि काल संध्याकाळी माझ्याकडे एका मुलीचा उपास सुटला. एवढंच तुला सांगायचं आहे, पण एवढंच सांगून तुला काही कळायचं नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करते. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे काय करणार हे मलाच ठाऊक नव्हतं. आता मी तुझ्या शेवटच्या वयाच्याही पुढे गेले आहे. स्वारगेटच्या अलीकडे एका जुन्या इमारतीत माझ्या दोन खोल्या आहेत. एका खोलीत खुर्च्या, दुसरीत जेवणाचं टेबल, ओटा आणि गॅस. ज्यांना घास गिळवत नाही, ज्यांना खाल्लेल्या प्रत्येक घासाची लाज वाटते, जे चोरून ढीगभर खातात आणि मग स्वतःला त्याची शिक्षा देतात, अशी माणसं माझ्याकडे येतात. मी त्यांच्याशी बोलते, आणि बोलून भागत नाही तेव्हा त्यांच्या समोर बसून जेवते. तू म्हणाली असतीस, "जेवायला बसणं हाही आता धंदा झाला का?" झाला. आणि तो मला तूच लावून दिलास.

आपलं पर्वतीच्या पायथ्याचं दोन खोल्यांचं घर आठवलं की मला आधी शेंगदाणे भाजल्याचा वास येतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मध्ये चतुर्थी, मध्ये एकादशी. तुझ्या आठवड्यात उपासाला जागा होती तेवढी जेवणाला नव्हती. बाकी बायकांचं 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असायचं, तुझं तसं नव्हतं. तू शाळेत शिकवून यायचीस, पदर खोचून आमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायचीस, दाणा न् दाणा मोकळा, सोबत वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. उपास तुझा आणि चंगळ आमची. स्वतः मात्र कपभर कोरा चहा घ्यायचीस आणि आम्हाला आग्रह करकरून वाढायचीस, आमचे घास डोळे भरून बघायचीस. शेजारच्या काकू आपल्या मुलींना म्हणायच्या, "शिका जरा त्यांच्याकडून, काय निग्रह आहे बाईंचा!" भर चैत्रात तू स्वेटर घालून भांडी घासायचीस, तुझे हात माझ्या गालाला लागले की मी दचकायचे, पण त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. कौतुक चालू असताना मध्ये बोलायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्यातला एक सोमवार मला लख्ख आठवतो. बाबांची भोसरीच्या कारखान्यात दुसरी पाळी आहे, म्हणजे जेवायला मी एकटीच. तू दिवा लावलास, आता उपास सोडायचा. तू माझं ताट वाढतेस, गरम वरणभात, वर तूप. मी विचारते, "तू?" तू म्हणतेस, "मी नंतर." मी म्हणते, "नंतर म्हणजे कधी? काल मी झोपले तरी तू जेवली नव्हतीस." तू फटकारतेस, "मोठ्यांचे हिशेब काढू नयेत. जेव मुकाट्यानं." मी मुकाट्यानं जेवते. तू पाठमोरी उभी राहून ओटा पुसतेस, पुसलेलाच पुन्हा पुसतेस, आणि मग वळून न बघताच म्हणतेस, "अगं, उपास एकटीनं धरता येतो. सोडायला समोर कोणीतरी लागतं." माझं जेवण झालेलं होतं, उठायच्या बेतात होते. मी म्हटलं, "मग मी बसते की." एवढंच. त्यात काही समजूतदारपणा नव्हता, बहुधा मला गृहपाठ टाळायचा होता. तू ताट घेतलंस, त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिलीस आणि जेवलीस. दोन पोळ्या, वरणभात, वर मिरचीचं लोणचं मागून घेतलंस, म्हणजे मलाच आणायला लावलंस. तुमच्या मोठ्या बाई तपासणीच्या दिवशी खुर्चीवरून कशा पडल्या ते सांगताना तुला ठसका लागेपर्यंत हसू आलं. माझा हात वाळून खरखरीत झाला होता, तरी मी तो धुवायला गेले नाही. तुला पोटभर जेवताना पाहिल्याची माझ्याकडे तेवढी एकच आठवण आहे.

पुढे मी हे शास्त्र शिकले तेव्हा पुस्तकातल्या पानापानावर तू भेटायला लागलीस. थंड हात, दुसऱ्यांना खाऊ घालायची हौस, 'मला काही नको गं'. तरी मी तुला कुठल्या आजाराचं नाव देणार नाही. गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही, आणि डॉक्टरांनी तेव्हा 'अशक्तपणा' म्हटलं, हृदय थांबलं म्हटलं, त्यापलीकडे आपल्याला काही माहीत नाही. मी स्वतःला दोषही देत नाही. लहान पोरीला काय कळणार? पण राग येतो. तुझा नाही, देवाचाही नाही. बाई वाळत चालली आहे आणि सगळी आळी टाळ्या वाजवते आहे, त्या टाळ्यांचा राग येतो. त्या रागावर मी इतकी वर्षं काम केलं आहे आणि तो अजून पुरतो आहे.

तर ही मुलगी. अमरावतीकडची, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, तिथेच होस्टेलवर राहते. ऑफिसात चक्कर येऊन पडली म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली. नाडी इतकी मंद की डॉक्टरांनी मला वेगळा फोन करून सांगितलं, "बाई, हे असंच चाललं तर दाखल करावं लागेल, फार थांबता येणार नाही." ती मात्र खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "मॅम, आय अ‍ॅम फाइन. मंडे होता ना, फास्ट होता." गुरुवारी विचारलं तर गुरुवारचा फास्ट. शनिवारी शनिवारचा. मला हसावं की रडावं कळेना, तुझंच वेळापत्रक. मी माझ्या परीनं समजावलं, हृदय काय मागतं, मेंदू काय मागतो. तिनं सगळं ऐकून घेतलं, हुशार आहे, माझ्याहून चांगलं मलाच समजावून सांगितलं आणि खाल्लं काहीच नाही. काही दिवसांनी एकदा टेबलावरच्या पोळीचा तुकडा बोटांनी बारीक बारीक करत म्हणाली, "मॅम, आईला ऑपरेशनला नेलं तेव्हा मी देवाला बोलले होते. आई वाचली तर उपास करेन. ती वाचली. आता मी सोडले आणि तिला काही झालं तर? तुम्ही गॅरंटी घ्याल?" मी गॅरंटी कशी घेणार? मी म्हटलं, "नाही घेणार." ती म्हणाली, "मग?"

 त्या 'मग'चं उत्तर असलंच तर तिच्या आईकडे होतं, म्हणून मी तिच्या आईला बोलावून घेतलं. त्या गावाहून आल्या, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी घरची तूरडाळ. बसल्या बसल्या त्यांनी मला गप्प केलं. "मॅडम, पोरगी देवाचं करते, त्यात काय वाईट आहे? तिनं माह्यासाठी उपास धरले जी. मी वाचली ते त्याच उपासानं. आमच्या गल्लीत समद्यायले सांगते मी, माही पोरगी लाखात एक आहे." बघ, पुन्हा टाळ्या. तोंडावर आलेलं तिखट वाक्य मी गिळलं. बाई दुष्ट नव्हत्या. मुलीच्या उपासावर आपला जीव तगून आहे असं त्यांनाही मनापासून वाटत होतं, आणि ज्या फांदीवर त्या बसल्या होत्या तीच तोडा म्हणून मी त्यांना सांगणार होते.

आमच्या कामात एक नियम आहे, आपल्या घरचं काढायचं नाही. मी तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. मुलीला बाहेर बसवलं आणि त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. खिचडी, स्वेटर, काकूंचं कौतुक, तो एक सोमवार आणि ओटा पुसता पुसता तू बोललीस ते वाक्य. शेवटी, तू किती लवकर गेलीस तेही.  त्यांनी विचारलं, "अन् त्यायच्या समोर कोणीच बसलं नाही?" मी म्हटलं, "एकदाच बसले मी. बसावं लागतं हे कुणाला माहीतच नव्हतं." त्या म्हणाल्या, "नवस माह्यासाठी होता नं? मंग फेडाचाही मीच. उद्यापन करू. देवाशी मी बोलते, तुम्ही नका बोलू."

उद्यापन म्हटल्यावर मुलगी खुलली. व्रत मोडायचं नव्हतं, रीतसर पुरं करायचं होतं, हे तिला पटलं. पण लगेच बेत करायला लागली, मी पुरण घालते, मी ऑफिसच्या मैत्रिणींना बोलावते, मी सगळ्यांना वाढते. मी म्हटलं, "थांब. तू काहीच करायचं नाहीस." तिचा चेहरा पडला. तुझ्याकडून शिकलेली ही दुसरी गोष्ट, आई. चुलीपाशी उभं राहिलेल्या माणसाला न जेवण्याची फार चांगली सबब मिळते. सगळ्यांना आग्रहानं वाढायचं, आणि सगळे उठेपर्यंत आपली वेळ टळलेली असते. म्हणून ठरलं ते असं: पाहुणे नाहीत, पक्वान्न नाही, स्वयंपाक आईचा, बसायचं मुलीनं. डॉक्टरांनी आणि माझ्या आहारतज्ज्ञ मैत्रिणीनं ठरवून दिलं तेवढंच वाढायचं, जास्त नाही. या शेवटच्या अटीवर तिच्या आई माझ्याशी भांडल्या. "उद्यापनाले मोजून वाढाचं?" मी म्हटलं, "अहो, इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या पोटावर एकदम भार टाकला तर जीवावर बेततं. तुम्हाला सण करायचाय की पोरगी हवीय?" जरा फाडकन बोलले, पुण्याचं पाणी. पण त्यांना चाललं.

काल सकाळी त्या मंडईत जाऊन स्वतः निवडून वांगी घेऊन आल्या. दुपारी माझ्या ओट्यावर त्यांनी वरण लावलं, भाजी फोडणीला टाकली, पोळ्या लाटल्या. सहा-सातच्या सुमाराला मुलगी कंपनीच्या बसनं आली, ट्रॅफिकमध्ये अडकून वैतागलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. दिवा लावला, हात जोडले. मी एका बाजूला माझं ताट घेऊन बसले, तिच्या आई समोर. वरणभाताची एक मूद, अर्धी पोळी, चमचाभर भाजी. मुलीनं घास केला आणि हातातच धरून ठेवला. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. वरण गार झालं, त्याच्यावर साय धरली. मी तुझ्या त्या सोमवारी बसले होते तशीच बसून राहिले. शेवटी तिनं आईकडे बघितलं आणि अगदी लहान आवाजात विचारलं, "आई, तुले काही होणार नाही नं?"

इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. मला वाटलं, आता बाई म्हणतील, काही नाही होणार, देव आहे. त्या म्हणाल्या, "होऊन होऊन काय होईल वं? मरीन एक दिवस. समदेच मरतात. ते तुह्या उपासानं टळत नसते. मी हाय तवर तू माह्यासमोर जेव, मले तेवढं दे." आणि स्वतःच्या ताटातला घास त्यांनी आधी तोंडात घातला. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या चावत होत्या. मग मुलगी जेवली. फार वेळ लागला. मध्ये ती रडली, मध्ये ताट लोटलं, पुन्हा ओढलं. वाढलेलं सगळं संपलं नाही, भाजी राहिली. पण उपास सुटला.

यानं ती बरी झाली असं मी तुला सांगणार नाही, तुला खोटं लगेच कळायचं. आज सकाळीच तिचा मेसेज आला, 'पोट जड आहे, खूप गिल्टी वाटतंय, आज ब्रेकफास्ट नको.' मी कळवलं, 'आई आहेत ना? समोर बसा दोघी. फोन चालू ठेव, मीही बसते.' बसले. अर्धं केळं आणि दूध. दुपारी पुन्हा, रात्री पुन्हा, उद्या पुन्हा. तिच्या आई आता महिनाभर होस्टेलच्या परवानगीनं तिच्याच खोलीवर राहणार आहेत आणि दर सोमवारी माझ्या टेबलाशी आम्ही तिघी जेवणार आहोत. ती चिडेल, खोटं बोलेल, कदाचित एखाद्या सोमवारी येणारच नाही. मग मी हिंजवडीला जाईन, त्या ट्रॅफिकमधून, डबा घेऊन. घेतला वसा टाकायचा नसतो हे मला तूच शिकवलंस, मी फक्त वसा बदलून घेतला आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुलाही ठाऊक आहे. घडी घालून ठेवून देईन. पण लिहायला बसले ते निव्वळ फुशारकी मारायला नव्हे, एक कबूल करायचं होतं. आता दुपारचे दोन वाजून गेले आहेत. माझा डबा कागदाशेजारी आहे, सकाळपासून बंद. समोर कोणी पेशंट असलं की मी व्यवस्थित जेवते. एकटी असले की ओट्यापाशी उभ्यानं दोन घास, नाहीतर कोरा चहा, आणि स्वतःला सांगते, 'मी नंतर'. इतक्या वर्षांत हे कुणाला कळलं नाही, कारण कामसू बाईचंही आपल्याकडे कौतुकच होतं. बाहेर फोन घेणाऱ्या ताई बसल्या आहेत, त्यांचं जेवण केव्हाच झालं. मी आत्ता दार उघडून त्यांना हाक मारणार आहे, "ताई, काम राहू द्या. जरा माझ्या समोर येऊन बसता का?"