उलट्या पाण्याचा एक गुण

बाई, सहामाहीचे भूगोलाचे पेपर तपासायला घेतलेत आणि एका मुलीच्या पेपरावर येऊन अडकले आहे. सकाळपासून चहा करून झाला, कपडे वाळत घालून झाले, शेजारणीशी उगाचच्या गप्पा मारून झाल्या, तरी पेपर जिथल्या तिथं. असं काही अडलं की तुम्हांला विचारायची सवय होती. तुम्ही गेलात त्याला किती काळ लोटला, माझेही केस पिकले, पण ती सवय काही मोडत नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्हांला तो पावसाळा आठवत असेलच. मी सातवीत होते. आमचं गाव शिरोळकडचं, पंचगंगा आणि कृष्णा दोघींच्या बेचक्यातलं, आणि तुम्ही आम्हांला शिकवायला रोज हातकणंगल्याहून एसटीनं यायचात. चाचणीत तुम्ही चूक की बरोबर विचारलं होतं, उपनदीचं पाणी नेहमी मुख्य नदीकडेच वाहतं. मी 'चूक' लिहिलं. तुम्ही त्यावर भली मोठी फुली मारलीत आणि सगळ्या वर्गासमोर उभं करून झापलंत, की पुस्तक उघडायचे कष्ट घेतले होतेस का. मी रडत रडत म्हटलं, "बाई, पावसाळ्यात आमच्यात पाणी मागं येतंय की." बाकीच्या पोरींनाही ते ठाऊक होतं, पण त्यांनी पुस्तकातलं लिहून गुण घेतले होते. तुमचं माहेर गगनबावड्याकडचं, घाटातलं. तिकडं पाणी खालीच पळतं, त्यामुळं तुमचाही विश्वास बसेना. चुरूचुरू बोलू नकोस म्हणालात आणि मला खाली बसवलंत.

पण गोष्ट तुमच्या डोक्यातून गेली नव्हती. श्रावणात दोन्ही नद्या चढल्या तशा एका दुपारी शाळा सुटल्यावर तुम्ही सरळ आमच्या घरी आलात. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, ती पीठभरल्या हातानंच उठली. पोरीनं काय केलं, हेच तिनं आधी विचारलं. तुम्ही म्हणालात, काही केलं नाही, मला फक्त नदी बघायची आहे. मग माझे वडील, अण्णा, पुढं, तुम्ही मधे, मी मागं. अजून दिसतं मला. तुम्ही पंचगंगेच्या काठावर उभ्या आहात, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, चप्पल हातात. अण्णा म्हणतात, "खाली कृष्णा फुगली की हिला वाट मिळत न्हाय. मग ही मागारी फिरती. आम्ही फूग म्हणतो हिला." तुम्ही आमच्या घरून आणलेली करवंटी पाण्यात सोडता. ती जरा वेळ जागच्या जागी फिरते आणि मग हळूहळू कोल्हापूरच्या दिशेला, उलटी, चालायला लागते. तुम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहता. नंतर आमच्या चुलीपाशी पदर शेकत बसलात आणि आईच्या हातची गरम भाकरी खाल्लीत, आमटीत कुस्करून.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझा पेपर मागवून घेतलात. स्वतःची फुली स्वतःच खोडलीत, गुण दिलात, खाली सही केलीत. आणि सगळ्यांना सांगितलंत, "चूक द्यायच्या आधी मी हिचं गाव विचारायला पाहिजे होतं." पुढं मी डी.एड. होऊन पहिल्यांदा पेपर तपासायला बसले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, की पोराला फुली मारण्याआधी त्याचं गाव विचारत जा. आजवर विचारत आले. वडिलांची बदली झाली म्हणून कोकणातून आलेल्या पोरानं पावसाळा लवकर येतो म्हणून लिहिलं, तर त्याच्या गावाला येतोच की. दिला गुण. स्टाफरूममध्ये हसतात मला, हसेनात का.

आता या मुलीचं सांगते. तीही शिरोळकडचीच. पुरात घर गेलं, तेव्हापासून कोल्हापुरात मामाकडं राहते, आमच्या शाळेत येते. मामा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत जातो. पोरगी भूगोलात अशी पक्की, की तुम्ही असता तर खांद्यावर घेऊन नाचला असतात. यंदा आमच्या शाळेनं एका ऑनलाइन भूगोल क्विझमध्ये भाग घेतला. शाळेतून एकाच मुलाला पुण्याच्या अंतिम फेरीला न्यायचं होतं, राहणं-खाणं सगळं त्यांचं. तिनं कधी कोल्हापूर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मामीनं नवा ड्रेससुद्धा शिवून ठेवला होता.

काय ते प्रश्न, बाई. कुठल्या देशाच्या राजधानीत जमिनीखालून रेल्वे धावते, याला 'सोपा' अशी हिरवी पट्टी. आमच्या निम्म्या पोरांनी रेल्वे बघितली ती फाटकाशी उभं राहून, तीही जमिनीवरनं जाणारी. झेंडे, बर्फात चालायच्या गाड्या, कुठल्या शहराला लाडानं काय म्हणतात, सगळं सोपं. आणि पंचगंगा कुठल्या नदीला मिळते, हे 'अतिअवघड'. त्या पायरीपर्यंत जायचं तर आधी ते सोपे प्रश्न यायला लागतात. आमची बहुतेक पोरं घरच्या नदीपर्यंत पोचलीच नाहीत. ही पोचली, पाठांतर करून करून, आणि आणखी एक मुलगा. आणि तिथं शेवटचा प्रश्न आला, तुम्ही विचारला होतात तोच, शब्दही जवळजवळ तेच. ती क्षणभरही थांबली नाही, 'चूक' दाबलं. पडदा लाल झाला. पुण्याला त्या दुसऱ्या मुलाचं नाव लागलं, ज्यानं अंदाजानं 'बरोबर' दाबलं होतं.

ती रडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, आम्ही म्हस मागच्या अंगाला बांधलीती. नदी पुढनं येणार म्हणून. पाणी मागच्या ओढ्यातनं आलं." एवढंच. म्हैस कुठं गेली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

माझं डोकं सटकलं. मी त्या क्विझवाल्यांना ईमेल केला, फूग म्हणजे काय ते समजावून सांगितलं, फोटो जोडले. उत्तर आलं, फार गोड भाषेत. बहुसंख्य खेळाडूंनी 'बरोबर' हेच उत्तर दिलं आहे, त्यामुळं प्रश्न सर्वांसाठी न्याय्य ठरतो. आता या बहुसंख्यांपैकी कितीजणांच्या घरात पाणी मागच्या दारानं शिरलं होतं? मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. कुणाला हाताला धरून काठावर न्यावं, तर समोर माणूसच नाही. तुम्हांला निदान झापता येत होतं, आणि झापल्यावर पायी चालत यायचीही तयारी होती.

त्याच फुगीनं तुमचं शेवटचं तोंड बघू दिलं नाही मला. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा पंचगंगा हायवेवर होती. मी पुलाअलीकडं जाऊन उभी राहिले, तर पोलीस म्हणाला, "ताई, मागं फिरा. खाली कृष्णा फुगलीया, हितलं पाणी हलंना झालंय." पाऊस थांबून ऊन पडलं होतं, तरी पाणी हलेना. पलीकडं हातकणंगल्यात तुम्हांला नेत होते आणि मी अलीकडं उभी राहून पाणी कुठल्या बाजूला जातंय ते बघत होते. फार रडले, बाई. तेव्हाही, आणि आत्ताही.

तर हा पेपर. सहामाहीला मी मुद्दाम तोच प्रश्न घातला. तिच्यासाठी घातला, खोटं कशाला बोलू. ती 'चूक' लिहील, मी गुण देईन, तुमच्यासारखी खाली सही करीन, पोरीच्या जिवाला बरं वाटेल. सगळं मनात ठरवून ठेवलं होतं. आणि तिनं लिहिलंय 'बरोबर'. नुसतं लिहून थांबली नाही, खाली सुवाच्य अक्षरात कारणही दिलंय, पुस्तकातलं, जसंच्या तसं. तिला आता कळलंय लोकांना काय पाहिजे असतं ते.

फुली मारायची असती तर गाव विचारलं असतं. पण उत्तर बरोबर आलं तर काय विचारायचं, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही.

हे कुठं पाठवायचं म्हटलं तर पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, तुम्हांला वाईट वाटलं असतं. वर लिहिलं की अडकून बसले आहे, तेही खरं नाही. गुण मी सकाळीच दिला, बाई. पुरा दिला.