बटरचा गैरसमज

५ जानेवारी, रविवार
आजपासून बटर मोहीम. बटर म्हणजे आमचा कॉकटील, पिवळ्या तुऱ्याचा छोटा पोपट. गेल्या आठवड्यात मी त्याला टॉवेलमध्ये पकडून नखं कापली. व्हिडिओतला पक्षी शांत होता, आमचा नव्हता. तेव्हापासून मी दिसलो की गजांवर आपटतो. काल पंखातून रक्त आलं. लेक स्वराली रडली. बायको ओजस्विनी म्हणते, असंच चाललं तर त्याला पंचकुल्याला तिच्या मैत्रिणीकडे, ऋजुताकडे देऊ, तिच्याकडे पक्ष्यांसाठी मोठी जाळी आहे.
म्हटलं, गरज नाही. मोहालीतल्या कंपन्यांत मी लोकांना एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकवतो. मोठमोठे मॅनेजर वळवलेत. हा तर मुठीएवढा.

६ जानेवारी, सोमवार
पक्ष्यांच्या डॉक्टर नलिनी मॅडमना फोन. म्हणाल्या, लांब बसा, त्याच्याकडे बघू नका, काही करू नका, तो आपणहून येईल.
काही करू नका! हा नवशिक्यांसाठीचा सल्ला.

७ जानेवारी, मंगळवार
ऑफिसातून लवकर. (झिरकपूरचा ट्रॅफिक जॅम धरून लवकर.) पिंजऱ्यासमोर खुर्ची. आय कॉन्टॅक्ट हा पाया. बराच वेळ नजरेला नजर. बटर अंग चोरून, तुरा ताठ. ताठ तुरा म्हणजे उत्सुकता.
स्वराली म्हणाली, "बाबा, वो डर रहा है." मुलांना देहबोली कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार
समोरच्याच्या भाषेत बोलावं. बटर किंचाळला की मीही किंचाळलो. शेजारच्या मिसेस गिल दारात आल्या. "भाई साहब ठीक हैं?" ओजस्विनी "नहीं जी" म्हणाली आणि दार लावलं.

११ जानेवारी, शनिवार
धुकं. स्वराली रोज पिंजऱ्याजवळ जमिनीवर गणितं सोडवत बसते. आज दार उघडं ठेवलेलं. बटर बाहेर आला, तिच्या वहीवर चालला, खोडरबर कुरतडला. तिनं मान वरही केली नाही. लक्ष द्यायला नको का? असो. माझ्या मेहनतीचंच फळ, फक्त तिच्यामार्फत.
शूट करायला मोबाईल घेऊन धावलो. बटर थेट एसीवर. जेवणं झाली तरी खाली आला नाही. कारण पडदे. रंग भडक आहे. उद्या बदलणे.

१३ जानेवारी, सोमवार
लोहडी, इकडचा शेकोटीचा सण. खाली ढोल. तो बिथरणार म्हणून मी खास जवळ थांबलो. ढोल वाजत होता, बटर बाजरी खात होता. धीर द्यायला उठलो तर गजांवर आपटला. ढोलाचा परिणाम उशिरा होतो असं दिसतं.
ओजस्विनी म्हणाली, "अंबरीश, तो ढोलाला नाही घाबरत."

१४ जानेवारी, मंगळवार
ओजस्विनीचं ऋजुताशी फोनवर ठरलं. रविवारी ती बटरला न्यायला येणार. मला विचारलंही नाही. स्वरालीनं तिळाची वडी तशीच ठेवली. झोपायला जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच नका ना करू." मराठीत. एरवी पोरगी घरातही हिंदीच बोलते. म्हणजे प्रकरण गंभीर.
ठीक आहे. काही न करणे. हेही मी उत्तम करीन. वेळापत्रक आखतो.

१८ जानेवारी, शनिवार
वेळापत्रक पाळता पाळता सोफ्यावर झोप लागली. जाग आली ती कानाशी कुरतडण्यानं. डोळे किलकिले केले. बटर माझ्या खांद्यावर, स्वेटरचा धागा ओढत. स्वराली जमिनीवर, ओठांवर बोट. ओजस्विनी स्वयंपाकघराच्या दारात, हातात डाव तसाच. कुणी श्वास घेईना. मीही नाही. मग त्यानं डोकं माझ्या मानेशी टेकवलं. ऊब लागली.
आणि मी ओरडलो, "बघा! म्हटलं होतं की नाही!"
बटर पडद्याच्या दांडीवर आपटला, मग सोफ्याखाली. स्वराली बराच वेळ सोफ्याखाली हात धरून पालथी पडून होती. शेवटी त्या हातावर बसला.

१९ जानेवारी, रविवार
ऋजुता खोका घेऊन आली. तासभर बसली. बटर स्वरालीच्या डोक्यावर, मग ओजस्विनीच्या खांद्यावर, मग चक्क ऋजुताच्या चहाच्या कपावर. ऋजुता म्हणाली, "पक्षी छान आहे गं. याला कशाला हलवायचं?" मग तिघींनी माझ्याकडे पाहिलं.
रिकामा खोका परत गेला. व्यवस्था अशी ठरली: बटर बाहेर असेल तेव्हा मी बेडरूममध्ये, दार लावून. तात्पुरतं आहे, असं ओजस्विनी म्हणाली. किती दिवस ते म्हणाली नाही.
आत्ता ताट आत आलं. वरण-भात, वर तूप. बाहेर बटर शिट्टी वाजवतोय. याला शिट्टी येते हे मला माहीतच नव्हतं. दाराला कान लावला. वर जाऊन वळते, मग पुन्हा खाली येते. फारच सुरेख.
तोंडातून मोठ्ठं "वा!" येणार होतं. उशी तोंडावर दाबून धरली.