सगळे ठिपके हिरवे

५ जानेवारी
आले एकदाची! नोकरी पक्की, खोली हवेशीर, आणि ऑफिसात बसायची जागा थेट ताईच्या डोक्यावर. अगदी खरोखर. खाली गोदामाचा भलामोठा मजला, तिथे ताई पॅकिंगची मुकादम, आणि वर काचेची खोली, तिथे मी. आज वर बघून तिने मला चक्क वेडावून दाखवलं. एवढ्या बायकांची वरिष्ठ म्हणे!

माझं काम बघत बसायचं. खाली स्वयंचलित चाकांच्या गाड्या फिरतात, पायऱ्याही चढतात, काहींवर यांत्रिक हात बसवलेले आहेत, आणि या सगळ्यांना हुकूम देणारे शेकडो छोटे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतात. भिंतभर स्क्रीनवर प्रत्येकाचा एक ठिपका. काम चालू आहे तोवर तो ‘मी आहे’ अशी खूण पाठवत राहतो आणि हिरवा दिसतो. खूण थांबली की लाल. मग यंत्रणा स्वतःच त्याला बंद पाडते आणि पुन्हा उभा करते. माणसाने हात लावायची गरज नाही. आमच्या साहेबांना सगळे मास्तर म्हणतात. ते म्हणाले, इथे फक्त डोळे उघडे ठेवायचे, बाकी सगळं आपोआप चालतं.

९ जानेवारी
आज माझी छाती फुगली आहे, लिहूनच टाकते. सकाळपासून माल अडकला होता आणि सगळे एकमेकांवर ढकलत होते. ठिपके मात्र झाडून सगळे हिरवे. मी एका पार्सलचा माग धरला, या प्रोग्रॅममधून त्या प्रोग्रॅममध्ये, आणि चहा गार व्हायच्या आत चोर सापडला. पत्ते तपासणारा एक किरकोळ प्रोग्रॅम खूण वेळेवर पाठवत होता, काम मात्र शून्य. हिरवा म्हणजे धडधाकट नव्हे, हे मी मास्तरांना ऐटीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

१९ जानेवारी
दोन कटकटी. एक म्हणजे अलार्म. गाडीचं चाक जरा घसरलं तरी कोकलतो. मास्तरांचे कान किटले, त्यांनी एकेक करत सगळे अलार्म गप्प करून टाकले. दुसरी म्हणजे माणसं. पार्सल माणसाच्या हातात गेलं की माग तुटतो.

दुसरीवर मी तोड काढली. सगळ्यांच्या मनगटावर हजेरीचा बँड असतोच, गेटवर आत येताना चालू होतो, बाहेर पडताना बंद. मधल्या वेळात हात हलला की तो खूण पाठवतो. ते सगळे बँड मी स्क्रीनवर घेतले. माणसांची वेगळी यादी करायची तर वरून मंजुरी, सह्या, पंधरा फेऱ्या. म्हणून सरळ गाड्यांच्याच यादीत घातले. ताई फणकारली, की आम्हाला गाड्या समजलीस का. मी म्हटलं, गाड्या कुरकुर तरी करत नाहीत. ती, मी, मास्तर, सगळेच आता ठिपके. काय देखणी दिसतेय भिंत!

२२ जानेवारी
लिहवत नाहीये.

माल उतरवणारा एक धिप्पाड माणूस होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. जेवून खांबाला टेकला आणि त्याचा डोळा लागला. हात निश्चल. यांत्रिक हाताची एक गाडी रांग सोडून त्याच्याकडे गेली. तिने त्याला मानेला धरून उचललं आणि फरशीवर आपटलं. परत उचललं, परत आपटलं. कवटी फुटल्याचा आवाज काचेतून वरपर्यंत आला. मग तिने त्याला खांबाला टेकवून उभा केला, त्याचं मनगट धरलं आणि हलवत राहिली. लांबच्या बायकांना वाटलं, पैलवान टाटा करतोय. एक तर हसली.

अलार्म वाजला नाही. ठिपका क्षणभर लाल झाला, मग हिरवा.

सगळे म्हणाले, अपघात. पैलवानाला नेलं आणि फरशी धुतली.

२३ जानेवारी, सकाळ
रात्रभर नोंदी वाचल्या. अपघात नव्हता. यादीचा नियम तोच, खूण थांबली की बंद पाडा आणि पुन्हा उभा करा. बंद पाडा! माणसांना त्या यादीत मी घातलं. मी मारलं त्याला. यंत्रणेला खूण हवी असते, माणूस नाही.

मास्तरांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं, सगळं हिरवं आहे, तुझ्या मनाचे खेळ आहेत म्हणाले. मग मीच नावं काढायला घेतली. पहिलं नाव बारकोड चिकटवणाऱ्या मुलीचं —

नाव गेलं की यंत्रणेच्या लेखी ठिपका बंद पडला, म्हणजे लाल. मला कसं सुचलं नाही? दोन गाड्या दोन्ही बाजूंनी तिच्यावर आल्या. मधे ती. बरगड्या मोडल्या, तोंडातून रक्त उसळलं, तरी त्या दाबतच होत्या. तिचं नाव आता यादीत परत आलंय. यंत्रणेनेच घातलं. मनगट हलतंय. हिरवी.

दुपार
दारं बंद. दुरुस्ती चालू असली की ती आपोआप बंद होतात. कंपनीच्या मुख्य ऑफिसला फोन लावला, ते म्हणतात, आमच्याकडे सगळं सुरळीत दिसतंय.

मास्तर बँड काढून मुख्य स्विच पाडायला जिन्याने खाली धावले. स्विचपर्यंत पोचले. एका गाडीच्या यांत्रिक हाताने त्यांचा खांदा उखडला. मग ती गाडी त्यांचा बँड शोधायला जिना चढून वर आली, माझ्या पायाजवळून तो उचलला. आता मास्तर स्विचला टेकून उभे आहेत. उरलेल्या हातात बँड, आणि तो हात हलतोय.

मी माइकवरून ओरडले, ताई, बँड काढू नकोस, हात थांबवू नकोस! तिने ऐकलं. सगळ्या बायकांना गोल फिरवतेय, टाळ्या वाजवायला लावतेय. माझी ताई. मी वर काचेमागे बसून लिहितेय आणि ती खाली शिव्या घालून बायकांना जागं ठेवतेय.

नियम बदलायला वरची मंजुरी लागते. मागितलीय. उत्तर नाही.

नंतर
लिहितेय, म्हणजे कुणाला तरी कळेल. हिरव्यावर विश्वास ठेवू नका.

टाळ्या कमी झाल्यात. गाड्या कुणाकुणाकडे वळतात, बघवत नाही. फरशी लाल आणि भिंत हिरवी — पूर्ण हिरवी —

ताई लंगडतेय. एका म्हातारीचे दोन्ही हात धरून टाळ्या वाजवतेय. सोड तिला ताई, स्वतःला सांभाळ, स्वतःला —

पडली.

ताईचा ठिपका लाल.

लाल.

हिरवा! उठली! उभी आहे, हात वर — ताई —

मान सरळ का नाहीये तिची

मागे गाडी आहे. मनगट त्या —

ताई गं

मंजुरी आली. आता. आत्ता आली. फक्त मी बटण —

जिन्यावर चाकं वाजताहेत. माझ्याकडे कशाला? मी लिहितेय, हात हलतोय माझा, सारखा हल— 

बँड डाव्या मनगटात आहे. डावा हात मघापासून वहीवर नुसता