मेंढ्यांचा कार्यक्रम, आठ वाजता

काका, आज संध्याकाळी टीव्हीवर काय बघायचं हे सांगणारं आता मला कोणी नाही. इथे सौदीत, जुबेलच्या फ्लॅटमध्ये अर्ध्या भिंतीएवढा टीव्ही लावलाय, त्यात जगातलं सगळं येतं, आणि मी रिमोट हातात घेऊन अर्धा तास नुसता वरखाली करत बसतो. मग बायको वैतागते, "अहो, काहीतरी एक लावा नाहीतर बंद करा, माझे डोळे फिरले." मी बंद करतो. तुम्ही असतात तर एका ओळीत निकाल लावला असतात: आज हे बघा, ते नको, फालतू आहे. तुमच्या त्या एकेका ओळीवर मी जवळजवळ वर्षभराच्या संध्याकाळी काढल्या. खोटं कशाला बोलू, आज बायको-मुलगी माझ्याजवळ आहेत त्या तुमच्या ओळींमुळेच.

रास अल खैरचा कॅम्प डोळ्यांसमोर आहे. पत्र्याच्या खोल्या, एकेका खोलीत सहा जण, समोर वाळू आणि वाळूपलीकडे प्लांटच्या चिमण्या. आपल्या आधी तिथे गोरे इंजिनिअर राहायचे. ते गेले, त्यांची डिश राहिली. त्यामुळे मेसशेजारच्या हॉलमध्ये विलायतेचे चॅनेल दिसायचे आणि ते बघायला कुत्रं फिरकायचं नाही. तुम्ही टूल स्टोअरचे काका. दिवसभर खिडकीतून "आधी सही कर, मग पाना घे" एवढंच बोलायचात. वीस वर्षं आखातात काढलेला नाशिककडचा माणूस, तुम्हाला काय सुचलं कोण जाणे, एके दिवशी मेसच्या दारावर कागद चिकटवलात. वर लिहिलं होतं, "आज विलायती टीव्हीवर". खाली चार ओळी, मराठीत, मास्तरासारख्या वळणदार अक्षरात.

कार्यक्रमांची खरी नावं तुम्ही कधी लिहिलीच नाहीत. "साडेसहा: हवामानवाली बाई. रोज बघणे. स्पष्ट बोलते आणि हाताने दाखवते." "सात: जुन्या बशा विकणारे. आकडे ऐकायला उत्तम." "साडेसात: केक. उपाशीपोटी बघू नये." "आठ: प्रश्नमंजूषा. उत्तर नाही आलं तरी चालेल, प्रश्न कळला तरी पास." आणि एकदा तर, "आज काहीही बघू नका. सगळे एकमेकांवर ओरडतात, शब्द कळत नाही. त्यापेक्षा कपडे धुवा." नमाजाच्या वेळी कॅम्प बॉस हॉलमधला टीव्ही बंद करायचा. नमाजाच्या वेळा रोज मिनिटभर सरकायच्या, विलायतेचं वेळापत्रक जागच्या जागी, आणि तुम्ही दोन्ही समोर ठेवून मधली फट शोधायचात. पोरं आधी कागद वाचून हसायला थांबायची. मग हळूहळू आत जाऊन बसायला लागली. पहिल्या महिन्यात तिघं होतो, पुढे पंधरा-सोळा जण जमायला लागले.

नुसतं बघून सुटका नव्हती. पहाटे साइटला जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही मागे वळून बोट रोखायचात. आधी काल काय पाहिलं ते मराठीत सांगायचं, मग त्यातलं एक वाक्य इंग्रजीत, ऐकलं तसंच्या तसं. पहिल्या दिवशी माझ्यावर पाळी आली.

"काय रे कोकण्या, बाई काय बोलली?"

"टुमारो रेन."

"बाई असं बोलली? टुमारो रेन?"

"नाही."

"मग ती काय बोलली ते सांग ना. तुझं मत कोणी विचारलंय?"

सगळी बस खिंकाळली. काका, असा राग आला तुमचा! मनात म्हटलं, हा म्हातारा पाने मोजून देतो आणि मला इंग्रजी शिकवतो, च्यायला. पण संध्याकाळी मुकाट जाऊन बाईसमोर बसलो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कोणी विचारायच्या आधीच उभा राहिलो आणि अख्खं वाक्य फेकलं, "देअर विल बी सम रेन इन द वेस्ट बाय टी टाइम." तुम्ही नुसतं शेजारच्याला म्हणालात, "सरक, त्याला बसू दे पुढे." बाहेर नजर जाईल तिथवर कोरडी वाळू आणि आम्ही विलायतेच्या पावसावर वाद घालतोय. आजही हसू येतं.

माझं घोडं कुठे अडलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं. मी पाइप फिटर, इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, कामगार लिहिलेलं, आणि कामगाराला कुटुंब आणता येत नाही. वर चढायचं तर परमिटची परीक्षा द्यायला हवी. प्लांटमध्ये पाइप खोलायचा असो की वेल्डिंग, आधी परमिटचा कागद निघतो, आणि जो माणूस तो कागद आपल्या टोळीच्या वतीनं घेतो त्याला सेफ्टीच्या साहेबासमोर इंग्रजीत उत्तरं द्यावी लागतात. पास झालात तर फोरमन, फोरमन झालात तर इकामा बदलणार, मग कुटुंब. मी एकदा आपटलो होतो. काम सगळं येत होतं हो, पण साहेबानं तोंड उघडलं की माझे कान बंद. दुसऱ्यांदा आपटलो तर पुन्हा नाव पाठवणार नाही, असं इंजिनिअरनं स्पष्ट सांगितलं होतं. त्या वर्षी सुट्टीत गुहागरला गेलो तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. चौथ्या दिवशी आईला विचारत होती, "हे पाहुणे कधी जाणार?" हे मी कॅम्पात फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही पाना पुसत होतात, पुसतच राहिलात. मग म्हणालात, "परीक्षा घेणारा साहेब कुठला आहे, चौकशी कर."

मी म्हटलं, साहेब तो साहेब, कुठला का असेना. तुम्ही ऐकेनात. शेवटी ऑफिसातल्या मल्याळी क्लार्कनं सांगितलं की तो स्कॉटलंडचा आहे. दुसऱ्या दिवशी कागदावर इतरांसाठी नेहमीच्या चार ओळी आणि खाली वेगळी एक, "कोकण्यासाठी: मेंढ्या. दर रविवारी आठ वाजता. चुकवल्यास माझ्याशी बोलू नये."

"काका, मला गॅस टेस्ट विचारणार, मेंढ्या नाही विचारणार," मी कुरकुरलो.

"गॅस तुला येतो. त्याचं तोंड तुला येत नाही. तो तोंडात गरम बटाटा धरून बोलणार. हा मेंढपाळ तिकडचाच आहे, ऐकून घे त्याला."

डोंगरात राहणारा तो लालबुंद म्हातारा, त्याची कुत्री, ओल्या मेंढ्या. पहिल्या रविवारी मला अक्षर कळलं नाही. दुसऱ्या रविवारी मेंढीचा पाय मोडलाय एवढं कळलं. मधल्या दिवसांतही तिकडचं जे काही मिळेल ते तुम्ही शोधून काढायचात, जनावरांचा डॉक्टर, मासेमारीची बोट, एक बाई तर नुसती लोकर विणत होती. मी सगळं पाहिलं. चौथ्या रविवारपर्यंत मेंढपाळ हसला की मीही हसायला लागलो, वेळेवर. परीक्षा होती पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी. तुम्ही कागदावर लाल पेनानं लिहिलंत, "आज शेवटचं. सगळ्यांनी गप्प बसावं."

आठ वाजता आम्ही सगळे हॉलमध्ये. टीव्ही लावला तर मेंढ्या डोंगराआड चाललेल्या, वाद्य वाजतंय आणि पडद्यावर नावं सरकतायत. संपला होता कार्यक्रम! आधी कोणाला काही कळेना. मग क्लार्कनं मोबाईलवर बघून सांगितलं, विलायतेत उन्हाळा लागला की सगळी घड्याळं तासभर पुढे करतात, आणि ती त्याच दिवशी पहाटे केली होती. आपल्याकडे कोण असलं काही करतो? घड्याळ म्हणजे घड्याळ. तिथले आठ... तिथले पाच म्हणजे इथले आठ, हे गणित तुम्ही सगळ्या हिवाळ्यात पाठ केलेलं, आता तिथले पाच इथल्या सातलाच वाजून गेले होते. कोणीतरी मागून टोमणा मारला, "काका, इंग्रज तुम्हाला न विचारता गेला की!" तुमचा चेहरा असा पडला की हसणारे गप्प झाले. मी म्हटलं, जाऊ द्या काका, चार पाहिलेत, पुरे आहेत. पण मी अजून पडद्यावरची नावंच वाचत बसलो होतो आणि ते तुम्हाला दिसलं असणार.

तुम्ही टीव्ही बंद केलात. खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळलात, कोपऱ्यातला झाडू उचलून काठीसारखा धरलात आणि टीव्हीसमोर उभे राहिलात. मग तुमच्या तोंडून जो आवाज निघाला, काका, मी देवाशपथ सांगतो, तो तुमचा नव्हता. प्रश्न सगळे परमिटचे आणि बोलणं मेंढपाळाचं. "नाऊ लॅड, यू हिअर द गॅस अलार्म. व्हॉट वुड यू डू?" र असा घोळवलात की सोलापूरचा वेल्डर खुर्चीवरून खाली आला. तो मग मेंढीही झाला, मध्येमध्ये बें करायचा, आणि तुम्ही झाडू आपटून त्याला गप्प करायचात. मी उत्तर देतोय, चुकतोय, तुम्ही तोच प्रश्न पुन्हा दुसऱ्या शब्दांत विचारताय, आणखी भरभर, आणखी तोंडातल्या तोंडात. तासभर चाललं ते. पाकिस्तानवाले, नेपाळी, सगळे दारात येऊन उभे होते. घामानं तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला आयुष्यात कोणी इतकं मन लावून काही शिकवलेलं नाही, शाळेत नाही आणि बापानंही नाही.

सोमवारी माझ्या आधीचे दोघे डोकं धरून बाहेर आले. "अरे, तो बोलतो काय तेच समजत नाही." मी आत गेलो. साहेबानं तोंड उघडलं आणि मला हसूच फुटणार होतं, कारण समोर तुम्हीच बसल्यासारखं वाटलं, टॉवेल गुंडाळून. अलार्म वाजला तर काय करशील? "स्टॉप वर्क, सर. लुक अ‍ॅट द विंडसॉक. गो क्रॉसविंड, देन अपविंड. काउंट माय मेन." वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बघायची, आधी वाऱ्याला आडवं, मग वाऱ्याच्या उलट जायचं आणि आपली माणसं मोजायची. एकही प्रश्न मी पुन्हा विचारायला लावला नाही. शेवटी त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, मी बोलतो ते बहुतेकांना कळत नाही, तुला बरोबर कळतं, तुला शिकवलं कोणी? मी उत्तर दिलं. त्यानं सही केली.

तुम्ही स्टोअरच्या खिडकीत उभेच होतात. पास, म्हटल्यावर तुम्ही खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून माझं डोकं धरलंत. मग जरा वेळानं, पान्यांची यादी चाळत, उगाच विचारल्यासारखं विचारलंत, "साहेब आणखी काही म्हणाला?" मी म्हटलं, "विचारलं ना, कोणी शिकवलं म्हणून. मी तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, व्हेरी गुड मॅन." तुम्ही यादी खाली ठेवलीत. त्या संध्याकाळी काकूंना फोन लावलात, मी शेजारीच होतो. "अगं, स्कॉटलंडच्या साहेबानं माझं नाव विचारलं." एकदा सांगून भागलं नाही, तीनदा सांगितलंत.

चार महिन्यांत इकामा बदलला, सात महिन्यांत बायको-मुलगी दम्मामच्या विमानतळावर उतरल्या. मी जुबेलला फ्लॅट घेतला, तुम्ही कॅम्पातच राहिलात, मग साठी झाली आणि कायमचे गावी गेलात. पुढे दोन वर्षांनी कॅम्पच्या ग्रुपवर तुमच्या निधनाचा मेसेज आला. सुट्टीत मी सिन्नरला तुमच्या घरी गेलो. काकूंनी चहा केला, तुमचा फोटो दाखवला, आणि शेजारची बाई आली तिला माझी ओळख करून दिली, "हे ते, ज्यांच्या साहेबानं ह्यांचं नाव विचारलं होतं." शेवटच्या आजारपणातही डॉक्टरला तुम्ही तेच सांगितलंत म्हणे. मी मान हलवली आणि चहा संपवला.

काका, साहेबानं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "नोबडी, सर. सेल्फ." साहेब खूश दिसत होता, आणि टूल स्टोअरचा म्हातारा टीव्हीवर मेंढ्या दाखवतो हे सांगितलं तर माझी किंमत कमी होईल असं वाटलं. एवढंच कारण. तुमचं नाव त्या खोलीत कोणी घेतलंच नाही. हे पत्र सिन्नरच्या पत्त्यावर टाकलं तर काकू चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतील, म्हणून टाकत नाही. परवा त्यांचा फोन आला होता. नातवाला ऐकवायचं म्हणून त्यांनी स्पीकर लावला आणि विचारलं, "सांगा हो याला, साहेबानं ह्यांचं नाव विचारलं होतं ना?"

मी म्हटलं, हो काकू, दोनदा विचारलं होतं.