रेशमाच्या खोलीतलं ताट

आत्याबाई, माणूस एकदा गेलं की त्यानं गेलेलंच राहावं, परत येऊन दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये. सासू होतात तोवर ऐकून घेतलं. आता नाही ऐकणार. तुम्ही गेलात तेव्हा माझी पोर पाळण्यात होती, आज ती शहरात, जे. पी. नगरात नोकरी करते. इतकी वर्षं हे घर मी एकटीनं ओढलं, तेव्हा कधी फिरकला नाहीत. आणि आत्ता उगवताय, तेही रेशमाच्या किड्यांच्या खोलीत, जिथं तुमचा लेक तापानं पडलाय.

तुम्हाला हा रोग ठाऊक नाही. गेल्या वर्षी आला तेव्हा सगळं जग दारं लावून बसलं होतं. यंदा आंब्याला मोहर आला आणि पाठोपाठ हाही परत आला. तुतीच्या अर्ध्या शेतात आता प्लॉट पडलेत, म्हणून तुमचा लेक विमानतळावर टॅक्सी चालवतो. कुणाला तरी सोडून आला आणि त्याच दिवशी घसा धरला. दवाखान्यात खाट नाही, घरीच वेगळं ठेवा म्हणाले. वेगळं कुठं ठेवू? म्हणून तुमची खोली उघडली. चुन्याच्या पाण्यानं धुतली, किड्यांच्या बांबूच्या तट्ट्या बाहेर काढल्या आणि आत खाट टाकली.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्या खोलीत पाय ठेवला होता, ते आठवतं का? केवढ्यांदा ओरडलात. "बाहेर हो! हाताला फोडणीचा वास आहे तुझ्या. किडे मेले तर हा पाला तुझा बाप खाणार काय?" किडे मोठे झाले की तुम्ही तिथंच मुक्काम करायचात, जेवायलासुद्धा बाहेर येत नव्हतात. मी उंबऱ्यावर ताट ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि लांब जाऊन खोकायचं, ताट आलंय हे कळावं म्हणून. ताट परत यायचं तेव्हा कढीपत्त्याची पानं काठावर एका ओळीत लावलेली असायची, टोकाला टोक. मला असा राग यायचा. ही बाई जेवते की रांगोळी काढते?

आता तुमच्या लेकाला मी तसंच वाढते. सुरुवातीला ताट जसंच्या तसं परत यायचं. मग थोडं थोडं खायला लागला आणि मला बरं वाटलं. काल दुपारी ताट उचलायला गेले तर काठावर कढीपत्ता, एका ओळीत, टोकाला टोक. आत्याबाई, तुमचा लेक शेवग्याची शेंगसुद्धा चोथा करून गिळणारा माणूस आहे. कढीपत्ता त्यानं जन्मात बाजूला काढला नाही.

मी दाराबाहेरूनच विचारलं, "अहो, पानं कुणी काढली?"

तो म्हणाला, "आई काढते. म्हणते घशात अडकेल."

असं बोलला, जसं काही तुम्ही शेजारी बसून वारा घालताय. पोरीला फोन केला, तर ती म्हणते, "अम्मा, तापात माणूस काहीही बोलतं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायला सांग त्यांना."

"आकडा बघितला. ताटातल्या पानांचं काय करू?"

"अम्मा, प्लीज, स्वल्प, जरा गप्प बस. मला इथून येता येत नाही आणि तू भुतांचं सांगतेस."

ती रडायला लागली, मग मीच फोन ठेवला.

चूक कुठं झाली ते आज सकाळी चुलीपुढं बसल्यावर कळलं. दर चैत्र पाडव्याला तुमच्या नावाचं पान मांडते मी. नवं लुगडं ठेवते, पुढं पुरणाचे ओबट्टू वाढते, दार ओढून सगळे बाहेर येतो, गप्प उभे राहतो, मग खोकून दार उघडतो. गेलेल्यांना जेवायला वेळ द्यायचा असतो. आणि जिवंत नवऱ्याला मी इतके दिवस वाढतेय कशी? ताट, दार, लांब जाणं, खोकणं. तीच रीत. खोलीही तुमचीच. तुम्हाला वाटलं असणार, सून बोलावतेय.

मी बोलावलं नव्हतं. ते पान तुमचं नव्हतं.

म्हणून आज दार ओढलंच नाही. सताड उघडं ठेवलं, तोंडाला पदर बांधला आणि अंगणात, समोर दिसेल अशी, माझं ताट घेऊन बसले. तो आतून म्हणतो, "उन्हात काय बसलीस, वेड लागलं का?" म्हटलं, "तुम्ही जेवा. मी बघतेय." चार घास खाल्ले त्यानं. मध्येच घास हातात धरून थांबला, डावीकडं बघितलं आणि मान हलवली, कुणी आणखी घे म्हटल्यावर हलवतात तशी. डावीकडं नुसती भिंत आहे.

हे तिसरीपर्यंत शिकलेल्या हातानं लिहितेय, कुठं टाकायचं तेही माहीत नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवीन. कुणाला सांगणार नाही असं एक सांगते. कालपासून भीती वाटते ती वाटतेच, पण काल रात्री मला झोप लागली. किती दिवसांनी. तो आत एकटा नाही, एवढंच डोक्यात होतं.

पण मला नीट सांगा. तुम्ही त्याला भरवायला आलाय की न्यायला? भरवायला आला असाल तर बसा, मी काही म्हणणार नाही. न्यायला आला असाल तर तोंडावर सांगा, मी दारात आडवी पडेन. पाडव्यापर्यंत थांबते. त्या दिवशी ऊन अंगणात उतरायच्या आत मला उत्तर पाहिजे.